उभ्या खोदयंत्राचा बूम आपोआप खाली का बसतो?

धाराशिव जिल्हा अवर्षणप्रवण असून येथील शेतीचे भवितव्य पावसाचे पाणी शिवारात अडविण्यावर अवलंबून आहे. बालाघाटच्या उतारावरील भूम, वाशी व कळंबची शिवारे असोत अथवा सीना नदीच्या बाजूचा परंडा तालुका असो, नाला खोलीकरण, शेततळी, बांधबंदिस्ती आणि तलावातील गाळ काढणे ही कामे सर्वत्र निकडीची आहेत. डिसेंबर २०१४ मध्ये जाहीर झालेले जलयुक्त शिवार अभियान, २०१६ ची ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आणि २०१७ ची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना यांमुळे या कामांना गती मिळाली. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल शेततळ्याच्या बाजूंना १ : १.५ असा उतार ठेवल्यास सुमारे १,९७० घनमीटर माती व मुरूम काढावा लागतो. पेरणीपूर्वीच्या मोजक्या दिवसांत एवढे काम खोदयंत्रावाचून होणे कठीण आहे. त्यामुळे ट्रॅक्टरच्या मागे खोदणारा हात बसविलेले किंवा पुढे भरणारी व मागे खोदणारी बकेट असलेले यंत्र आता गावोगाव दिसते. कोणत्याही बनावटीचे असले तरी लोक त्याला जेसीबीच म्हणतात.

अशा यंत्राविषयी मालकांची एक नेहमीची तक्रार असते. सायंकाळी बूम वर ठेवून यंत्र उभे केले, तर सकाळी बकेट जमिनीला टेकलेली आढळते. काही यंत्रांत ही घसरण दोन-चार बोटांची असते, तर काहींत ऑपरेटर चहा घेऊन परत येईपर्यंतच बूम हातभर खाली आलेला असतो. ही घसरण का होते, ती किती झाली तर चिंता करावी आणि खर्च करण्यापूर्वी कोणती तपासणी करावी, याची माहिती यंत्रमालकांना, तसेच गावात कामावर देखरेख करणाऱ्या कार्यकर्त्यांनाही असणे आवश्यक आहे.

भार तेलावर कसा पेलला जातो?

बूम, हात, बकेट व आधाराचे पाय हे सर्व भाग तेलाच्या दाबाने हालतात. पोलादी सिलेंडरमध्ये एक दट्ट्या असतो व त्याला जोडलेला चकचकीत दांडा बाहेर येतो. पंपाने दट्ट्याच्या एका बाजूस तेल भरले की दांडा बाहेर सरकतो, दुसऱ्या बाजूस भरले की आत जातो. कामाच्या वेळी हा दाब दर चौरस सेंटिमीटरला १५० ते २५० किलोपर्यंत जाऊ शकतो. ट्रॉली उलटविणाऱ्या जॅकचे व ट्रॅक्टरमागील नांगर उचलणाऱ्या लिफ्टचे तत्त्वही हेच आहे.

लिव्हर मधल्या जागी सोडली की झडपेतील स्पूल तेलाच्या वाटा बंद करतो आणि भार त्या कोंडलेल्या तेलावर टेकून राहतो. परंतु स्पूल म्हणजे पोलादी घरात सरकणारा पोलादी दांडाच होय. तो सरकावा म्हणून दोहोंत काही मायक्रॉनची फट ठेवावीच लागते व या फटीत रबराचे सील नसते. भाराखाली दबलेले तेल या फटीतून थोडे थोडे टाकीकडे परतते. म्हणून नव्या यंत्राचा बूमही अगदी जागच्या जागी राहील, अशी अपेक्षा करू नये. ही घसरण किती चालावी याची मर्यादा त्या त्या यंत्राच्या पुस्तिकेत दिलेली असते व तीच प्रमाण मानावी.

थोड्या तेलाने बराच फरक पडतो, हेही ध्यानात घ्यावे. सिलेंडरचा आतील व्यास १० सेंटिमीटर असेल, तर दट्ट्या १ सेंटिमीटर सरकण्यास सुमारे ७८ घनसेंटिमीटर, म्हणजे चहाच्या लहान कपाएवढे तेल पुरते. बूमच्या लांबीमुळे बकेटच्या दातांपाशी ही हालचाल कित्येक पटींनी वाढते. म्हणून बकेट वीतभर खाली आली याचा अर्थ सिलेंडर निकामी झाला असा होत नाही.

तेल निवल्यानेही बूम खाली येतो

दिवसभर काम केल्यावर तेल ६० ते ८० अंश सेल्सियसपर्यंत तापते. तेल निवताना आकसते व हे आकसणे दर अंशाला हजारी सुमारे ०.७ भाग इतके असते. समजा, भार पेलणारा तेलाचा स्तंभ १ मीटर लांब आहे आणि रात्रीतून तेल ७० अंशांवरून ३० अंशांपर्यंत उतरले. तर कोठेही गळती नसताना तो स्तंभ सुमारे ३ सेंटिमीटरने आखडतो. तेव्हा ‘रात्रीत बूम बसला’ एवढ्यावरून यंत्र खोलण्याची घाई करू नये.

मोजमाप करूनच निर्णय घ्यावा

तपासणी सपाट व मोकळ्या जागेवर करावी. यंत्र नेहमीप्रमाणे चालवून तेल कामाच्या उष्णतेवर आणावे. बकेट रिकामी ठेवून बूम जमिनीपासून थोडाच वर उचलावा, इंजिन बंद करावे व सर्व माणसांना दूर करावे. नंतर बाजूस सुरक्षित अंतरावर उभे राहून, बकेटचा दात व जमीन यांतील अंतर काठीवर खूण करून मोजावे. दहा मिनिटांनी पुन्हा मोजावे. त्याच वेळी कोणत्या सिलेंडरचा दांडा सरकला हे पाहावे, कारण बकेट खाली येण्यास बूमचा, हाताचा किंवा बकेटचा यांपैकी कोणताही सिलेंडर कारण असू शकतो.

हे माप तारखेसह वहीत लिहून ठेवावे व दरमहा त्याच रीतीने घ्यावे. माप स्थिर असेल तर झीज वाढत नाही असे समजावे. ते महिन्यागणिक वाढत असेल, किंवा एखाद्या दिवशी एकदम दुप्पट झाले असेल, तर मात्र कारण शोधावे.

सील किट बदलूनही बूम का बसतो?

बूम बसू लागला की प्रथम सिलेंडर खोलून सील किट बदलण्याची प्रथा आहे. पुष्कळदा हा खर्च वाया जातो. त्याचे कारण समजून घेणे उपयुक्त ठरेल.

बूम बसत असताना दांडा सिलेंडरच्या आत ढकलला जात आहे की बाहेर ओढला जात आहे, हे प्रथम पाहावे. पुढील भरणाऱ्या बकेटच्या बाहूंमध्ये सामान्यतः भार दांड्याला आत ढकलतो. येथे दट्ट्याचे सील फाटले तर तेल तळाच्या बाजूकडून दांड्याच्या बाजूकडे जाऊ पाहते. परंतु त्या बाजूची बरीच जागा दांड्यानेच व्यापलेली असल्याने सर्व तेल तेथे मावत नाही. झडप व नळ्या घट्ट असतील, तर बाहू किंचित हालून थांबतो. तो बसतच राहिला, तर तेल झडपेतून किंवा बाहेर कोठून तरी निसटत आहे, हे निश्चित. फाटलेले सील तेथील दाब वाढवून ती गळती जलद करते, पण एकट्या सीलमुळे बाहू जमिनीपर्यंत येत नाही.

याउलट मागील खोदणारा बूम बहुतेक यंत्रांत दांड्याला बाहेर ओढून खाली येतो. येथे दांड्याच्या बाजूचे तेल फाटलेल्या सीलवरून तळाच्या बाजूस सहज मावते आणि झडप घट्ट असूनही बूम बसत राहतो. अशा वेळी सीलवर संशय घेणे योग्य ठरते.

खात्री करून घेण्याची एक रीत आहे. ती जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावी. प्रथम बकेट व आधाराचे पाय जमिनीवर टेकवावेत, इंजिन बंद करावे व सर्व लिव्हर मागेपुढे हलवून नळ्यांतील दाब घालवावा. तपासावयाचा सिलेंडर टोकापर्यंत सरकविलेल्या स्थितीत ठेवून, ज्या बाजूस दाब द्यावयाचा नाही त्या बाजूची नळी सोडावी व नळीचे तोंड घट्ट बूच लावून बंद करावे. मग इंजिन सुरू करून, दट्ट्या टोकाला टेकलेलाच राहील अशा बेताने त्याच दिशेने लिव्हर हलके दाबावी. उघड्या तोंडातून प्रथम थोडे साचलेले तेल ओघळते. त्यानंतरही धार चालूच राहिली, तर दट्ट्याचे सील गेले असे समजावे. धार थांबली, तर सिलेंडर निर्दोष असून दोष झडपेकडे आहे.

झडपेकडील दोष

झडप खोलण्यापूर्वी लिव्हरचे जोड पाहावेत. वाकलेली सळई, धूळ बसून जाम झालेला जोड किंवा तुटलेली स्प्रिंग यांमुळे स्पूल मध्यावर येत नाही व वाट किंचित उघडी राहते. हा दोष साफसफाईने व थोड्या खर्चात दूर होतो. दाब मर्यादित ठेवणाऱ्या रिलीफ झडपेच्या बैठकीवर कचऱ्याचा कण अडकला, तरीही भार खाली येतो. ती खोलून स्वच्छ करता येते, परंतु तिची जुळणी अंदाजाने कधीही बदलू नये.

लिव्हर उचलताना बूम आधी थोडा खाली बसून मग वर जात असेल, तर ते लोड-चेक झडपेच्या दोषाचे लक्षण होय. उभ्या यंत्राची घसरण ही त्याहून वेगळी बाब आहे.

स्पूलच्या टोकांवरील ओ-रिंग केवळ बाहेरील गळती थांबवितात. स्पूल व त्याचे घर झिजले असेल, तर नवी ओ-रिंग घालून आतील गळती कमी होत नाही. अशा वेळी झडपेचा तो भाग बदलावा लागतो. घसरण पुस्तिकेतील मर्यादेत असेल व कामात अडथळा येत नसेल, तर हा मोठा खर्च पुढे ढकलण्यास हरकत नाही.

तेल, धूळ आणि दांडा यांची निगा

उन्हाळ्यात तेल पातळ होते व फटींतून अधिक वेगाने निसटते. म्हणून पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच तेल वापरावे. निरनिराळ्या प्रतींची तेले एकत्र करू नयेत. मुरमाची धूळ हा सीलचा मोठा शत्रू आहे. टाकीचे झाकण उघडण्यापूर्वी भोवतालची माती पुसावी, तेल स्वच्छ भांड्यातून ओतावे आणि फिल्टर ठरलेल्या तासांनी बदलावा. दांड्यावर ओरखडे वा गंज आहे काय हे दर आठवड्यास पाहावे, कारण खरखरीत दांडा नवे सीलही थोड्याच दिवसांत कापतो. पावसाळ्यात यंत्र दीर्घकाळ उभे राहणार असेल, तर शक्य तितके दांडे आत घेऊन ठेवावेत व उघड्या राहणाऱ्या भागास ग्रीस लावावे. पुन्हा काम सुरू करताना ते पुसून काढावे.

नळीच्या जोडातून सेकंदाला एक थेंब गळत असेल, तर दिवसाला सुमारे ४ लिटर तेल वाया जाते. मात्र अशी गळती हाताने चाचपून कधीही शोधू नये. दाबाखालील तेलाची बारीक चिळकांडी कातडी भेदून आत शिरते. जखम सुई टोचल्यासारखी दिसते व प्रारंभी फारशी दुखत नाही, परंतु त्यामुळे बोट किंवा हात गमावण्याची पाळी येते. गळती पुठ्ठ्याचा तुकडा धरून शोधावी. तेल कातडीत शिरल्यास त्या व्यक्तीस विनाविलंब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे व दाबाचे तेल आत गेले आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

यंत्र उभे करताना

वर ठेवलेला बूम हळूहळू खाली येतो म्हणून तो निरुपद्रवी आहे, असे समजणे धोक्याचे आहे. तीच नळी फुटली, किंवा खेळता खेळता मुलाचा हात लिव्हरला लागला, तर तो क्षणात खाली येतो. इंजिन बंद असतानाही लिव्हर हलविल्यास भार खाली येऊ शकतो. दुपारच्या उन्हात वर उचललेल्या बकेटच्या सावलीत मजूर विसावा घेतात, हे कामाच्या जागी पाहावयास मिळते. ते तत्काळ थांबविले पाहिजे. म्हणून पुढील नियम प्रत्येक कामावर पाळले जावेत :

१. काम थांबताच, थोड्या वेळासाठी असले तरी, दोन्ही बकेट जमिनीवर टेकवाव्यात, इंजिन बंद करावे व किल्ली काढून घ्यावी.

२. बाहू वर ठेवूनच दुरुस्ती करणे भाग असेल, तर यंत्रासोबत दिलेला लोखंडी आधार बसविल्याशिवाय कोणीही खाली जाऊ नये. दगड, विटा किंवा लाकडी ओंडके रचून काम भागवू नये.

३. रस्त्याने जाताना बूमचे कुलूप व बूम बाजूला फिरू नये म्हणून असलेली खीळ लावावी. आधाराचे पाय खाली सरकत नाहीत, याची वाटेत थांबून खात्री करावी. ते सरकत असतील, तर दुरुस्तीपूर्वी यंत्र रस्त्यावर आणू नये.

४. ट्रॅक्टरच्या लिफ्टवरील नांगर, रोटाव्हेटर व पेरणीयंत्र यांनाही हाच नियम लागू आहे. अवजार खाली टेकवूनच ट्रॅक्टर सोडावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेततळ्याची आखणी करून देतानाच ऑपरेटरला हे नियम सांगावेत व कामाची पाहणी करताना यंत्र कसे उभे केले आहे, हेही पाहावे. यंत्रमालकांनी महिन्याचे माप वहीत नोंदवावे, म्हणजे दोष लहान असतानाच ध्यानी येईल व ऐन हंगामात यंत्र वर्कशॉपमध्ये अडकून पडणार नाही. तेलाने भार उचलता येतो, पण तो राखून ठेवण्यासाठी जमिनीचा किंवा लोखंडाचा आधारच हवा. एवढी गोष्ट प्रत्येक ऑपरेटरच्या अंगवळणी पडली, तर खर्चात बचत तर होईलच, शिवाय मोलाचे जीवही वाचतील.