पाऊस नको म्हणणारी मेंढरं

ऑगस्टमध्ये कल्याणहून नगरला गाडीनं गेलायत कधी? माळशेज घाटात वायपर थांबायचं नाव घेत नाहीत. ओतूर, आळेफाटा मागं पडलं की पाऊस भुरभुर होतो. आणे पठार ओलांडून पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरकडे आलात की संपलंच! खडकाळ माळ, पिवळट गवत, एखादी बाभळ. अवघ्या दोनेक तासांत आपण धबधब्यांतून जवळजवळ वाळवंटात!

ढग तर वर दिसतात. मग पाणी गेलं कुठं?

ते घाटातच सांडलं. समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाच्या वाऱ्याला सह्याद्री आडवा येतो, म्हणून वारा वर चढतो. वर चढताना हवा थंड होते आणि थंडावलेल्या हवेतलं बाष्प थेंब होऊन कोसळतं. डोंगर ओलांडून खाली उतरताना तीच हवा पुन्हा तापते, ढग विरतात, आणि पलीकडच्या मुलखाच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. अशा मुलखाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात.

आता गंमत बघा. याच नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) पश्चिमेला अकोले तालुका आहे, कळसूबाईचा. तिथल्या घाटघरला वर्षाला सुमारे 5000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि पारनेरकडे पाचशेच्या आसपास. म्हणजे वर्षभराचं पाणी जिथल्या तिथं साठलं असतं, तर घाटघरचं एकमजली घर छपरासकट बुडालं असतं आणि पारनेरात जेमतेम तुमचे गुडघे भिजले असते. जिल्हा एकच!

अशा माळावर कोण थांबेल? गाडीतून उतरलात तर लांबवर धनगरांचा वाडा दिसेल. हा वाडा चिरेबंदी नाही बरं का! दोन-चार बिऱ्हाडं, तीन दगडांची चूल, सामान वाहणारी घोडी आणि मेंढरांभोवती दोरीच्या जाळीचं कुंपण. त्या जाळीला म्हणतात वाघर.

"बाबा, इथं पाऊस नाही, मग तुम्ही घाटाकडे का नाही जात?" असं विचारलंत तर उत्तर ठरलेलं. "आरं पोरा, मेंढरू चिखलात टिकत न्हाई!"

खरंच आहे ते. सतत ओल्या जमिनीवर उभं राहिलं की मेंढीची खुरं सडतात, ती लंगडायला लागते. म्हणून पावसाळ्यात कोरडा माळच बरा. दिवाळीनंतर कितीतरी वाडे घाट उतरून कोकणात जातात आणि मृगाचा पाऊस गाठायच्या आत परततात. आपण ज्याला ओसाड म्हणतो, ते त्यांचं पावसाळी घर! वाटेत शेतकरी मेंढरं शेतात बसवून घेतात. लेंड्या आणि मुताचं खत मिळतं, त्याच्या बदल्यात धान्य किंवा पैसे.

संध्याकाळी मात्र वाड्याजवळ थांबाच. दिवसभर मागं ठेवलेली कोकरं सोडतात, तिकडून मेंढ्या येतात, आणि जो काही कल्ला उठतो! सगळी कोकरं आपल्याला सारखीच. पण मेंढी आलेल्या कोकराच्या शेपटीखाली वास घेते. आपलं असलं तर उभी राहते, परकं असलं तर डोक्यानं ढुसणी देऊन हाकलते. कोकरू जन्मल्यावर ती त्याला चाटून साफ करते ना, तेव्हाच तासा-दोन तासांत त्याचा वास तिच्या डोक्यात पक्का बसतो. हजेरीपट नको, बिल्ला नको.

बाबांच्या खांद्यावरची घोंगडीही नीट हात लावून बघा. खरखरीत आहे, टोचतेच. ती दख्खनी मेंढीच्या लोकरीची. विणण्याआधी धाग्याला चिंचोक्याची खळ लावतात, म्हणून ती अशी ताठ. लोकरीच्या केसावर बाहेरून बारीक खवले असतात, त्यावरून थेंब घरंगळतो. पण हवेतली वाफ मात्र आत शिरते. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा पाणी शोषूनही लोकर हाताला ओली लागत नाही, उलट शोषताना थोडी उष्णताच सोडते! रेनकोटवाल्यांनी जरा शिकावं.

आणि हो, वाड्यापाशी जायचं तर लांबूनच हाक मारा. राखणीच्या कुत्र्यांना तुमचं विज्ञानाचं कुतूहल कळत नाही.