रंग ठरतो शेजाऱ्यावरून

पडद्यावर रंगीत चौकोनांची गोधडी उमटते. एका कोपऱ्यात मोरपंखी, दुसऱ्यात अबोली, खाली जांभळा आणि लिंबोणी. मधले चौकोन इतक्या हळुवार छटांनी उतरत गेलेले, की एक रंग कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे कळूच नये. क्षणभरात सगळे विस्कटतात. ते पुन्हा जागच्या जागी लावायचे, एवढाच २०१७ साली आलेला 'आय लव्ह ह्यू' हा मोबाइलवरचा खेळ. घड्याळाची घाई नाही, शत्रू नाही. काळा ठिपका असलेले चौकोन पक्के, बाकीच्यांची अदलाबदल करत जायची.

खरं नवल पुढेच आहे. हातातला चौकोन हिरवट वाटला म्हणून हिरव्यांच्या रांगेत नेऊन ठेवावा, तर तिथे तो चक्क करडा दिसू लागतो! चौकोन तोच, पडद्याचा प्रकाशही तोच. बदलले ते फक्त शेजारी.

हेच कोडं दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये एका रसायनशास्त्रज्ञापुढे पडलं होतं. १८२४ मध्ये मिशेल शेव्ह्रल गोब्लँ या विणकामाच्या प्रसिद्ध कारखान्यात रंगविभागाचे प्रमुख झाले. निळ्या-जांभळ्या कापडातला काळा रंग फिका पडतो, अशी तक्रार होती. त्यांनी तपासलं, तर काळ्या रंगात काहीच खोट नव्हती. शेजारचे निळे-जांभळे धागे त्याला फिका दाखवत होते. त्यावर त्यांनी १८३९ मध्ये ग्रंथच लिहिला. याचं कारण असं, की डोळ्यांत रंग टिपणाऱ्या शंकुपेशी अवघ्या तीन प्रकारच्या, आणि त्यांनी धाडलेल्या संदेशांची सतत तुलना करूनच आपल्याला रंग 'दिसतो'.

म्हणून या खेळात हात बसवायचा तर तुलनेलाच धरून राहावं. मॅचिंग सेंटरमधला दुकानदार ब्लाउजपीस लांबून जोखत नाही, साडीच्या काठाला टेकवून बघतो. तसाच चौकोन संभाव्य जागेशेजारी नेऊन बघावा. आधी पक्क्या चौकोनांमधल्या कडा भराव्यात, मग आत शिरावं. दोन छटांत गोंधळ झाला तर डोळे किलकिले करून आधी उजळ कोण, गडद कोण ते ठरवावं. एकटक बघितल्याने शंकुपेशी सरावतात आणि रंग मंदावतात, तेव्हा थोडा वेळ दूर बघावं. फोनचा रात्रीचा पिवळसर मोड मात्र बंद ठेवावा.

गंमत म्हणजे रंगदृष्टी तपासण्याची एक नामांकित चाचणी जवळपास अशीच आहे. १९४० च्या दशकात डीन फार्न्सवर्थ यांनी ही '१०० ह्यू' चाचणी तयार केली. नावात शंभर असले तरी तिच्यात हलवता येणाऱ्या रंगीत टोप्या ८५, चार पेट्यांत मांडलेल्या. प्रत्येक पेटीतल्या टोकाच्या टोप्या पक्क्या असतात, मधल्या क्रमाने लावायच्या.

काही दिवस खेळल्यावर आधी सारखे वाटलेले दोन चौकोन वेगळे दिसू लागतात. तेव्हा फोन खाली ठेवा आणि नवी पालवी फुटलेल्या आंब्याकडे बघा. तांबूस कोवळ्या पानापासून जुन्या गर्द हिरव्या पानापर्यंत किती छटा आहेत, मोजायचा प्रयत्न करा. तिथे प्रत्येक चौकोन आधीच आपल्या जागी आहे.