सहा वाजता गाड्यांना मज्जाव

पुदुच्चेरीत संध्याकाळी सहाच्या सुमाराला उंच लाल टोपीतला पोलीस बॅरिकेड ओढून रस्त्यात आडवं लावतो. फ्रेंच अमदानीतून उरलेली ही टोपी. शेवटच्या दोन-चार स्कूटर घाईघाईने निसटतात आणि गूबेर अ‍ॅव्हेन्यू, म्हणजे सगळ्यांचा बीच रोड, सकाळी साडेसातपर्यंत पायी फिरणाऱ्यांचा होतो.

रस्ता जेमतेम दीड किलोमीटर. बाजूला १८३६ सालचं जुनं दीपगृह, १९३८ सालचं फ्रेंच युद्धस्मारक आणि गांधीजींचा पुतळा. पुतळ्याभोवतीचे कोरीव दगडी खांब जिंजीचे. राजाराम महाराजांनी मोगलांना वर्षानुवर्षं झुंजवलं, ती ही जिंजी. आपल्याकडच्या माणसाने त्या खांबांवरून एकदा हात फिरवावाच.

किनारा म्हणाल, तर इथे वाळूपेक्षा काळे धोंडेच जास्त. गावाच्या दक्षिणेला बंदराचे बांध झाले, वाळू उत्तरेकडे सरकायची थांबली आणि समुद्राने किनारा खाल्ला. पुढे पाण्यात कृत्रिम रीफ बसवल्यावर सचिवालयासमोर थोडी वाळू परत आली. पण धोंड्यांवर पोरं खेळणार कशी? त्यांचं अंगण म्हणजे हा रस्ताच. दिवसभर तापलेलं डांबर संध्याकाळीही कोमट असतं. त्यावर बायका खुशाल फतकल मारून बसतात, कागदाच्या पुड्यातलं ओलं खोबरं घातलेलं सुंडल खातात, आणि पोरगं दहा पावलं पळालं तरी कोणी ‘अरे, गाडी!’ म्हणून ओरडत नाही. मरीन ड्राइव्हचा कट्टा कितीही लाडका असला, तरी तिथे पाठीमागून वाहनांचा ओघ चालूच असतो. इथे लाटांचा आवाज पार समोरच्या इमारतींपर्यंत पोचतो.

सूर्यास्त मात्र मिळत नाही. समुद्र पूर्वेला, त्यामुळे कोकणातून आलेला माणूस पहिल्या संध्याकाळी जरा फसतोच. पण म्हणूनच बंदीची वेळ मला हुशारीची वाटते: सूर्य पाण्यातून वर येतो, तेव्हाही रस्ता मोकळाच असतो.

गाड्या काही हवेत विरत नाहीत. त्या मागच्या द्यूमा, सें लुई अशा गल्ल्यांत शिरतात. सुट्टीच्या दिवशी तिथल्या पिवळ्या भिंतींना खेटून दुचाकींची रांग लागते आणि रहिवाशांना स्वतःच्याच दारातून अंग चोरून बाहेर पडावं लागतं. त्यांचं गाऱ्हाणं खरं आहे. त्यावर उपाय गावाबाहेरच्या बाजूला वाहनतळ करण्याचा. समुद्रासमोरची जागा पुन्हा चाकांना देण्याचा नव्हे. माझं म्हणाल, तर दिवसाही ती देऊ नये.

पण साडेसात वाजतात. बॅरिकेड कडेला सरकतं, पहिली स्कूटर हॉर्न देत येते आणि रस्त्याच्या मधोमध हात झुलवत चाललेले आजोबा मागे न बघताच फुटपाथवर चढतात.