बाहेरचा कायले पायजे?

अमरावतीच्या राजकमल चौकात गिला वडा खात उभा होतो. २०२३ची गोष्ट. करुण नायर आता विदर्भाकडून खेळणार, एवढीच बातमी होती. पण शेजारच्या टोळक्यात त्यावरून जुंपली होती.

"बाहेरचा कायले पायजे? आपले पोट्टे मेले का?"

"तुले क्रिकेट समजते का बे? इंग्लंडले तीनशे मारले त्यानं!"

"मारले असन. मंग कर्नाटकानं काढून कायले टाकला?"

या तिसऱ्या प्रश्नाला कोणाकडेच उत्तर नव्हतं. वडा थंड झाला, वाद मात्र नाही.

अगदी हाच वाद अमेरिकेत दर वसंतात लाखो लोक घालतात. त्यांच्या फुटबॉलचं आपल्या फुटबॉलशी नावापलीकडे फारसं नातं नाही. तिथे जवळपास प्रत्येक डावपेचाची सुरुवात होताच चेंडू क्वार्टरबॅक नावाच्या गड्याच्या हातात येतो. समोरून शंभर-सव्वाशे किलोची माणसं धावून येत असतात आणि दोन-तीन सेकंदांत त्याला ठरवायचं असतं: लांब फेकू, शेजारच्याला देऊ की स्वतः पळू? मैदानात क्वार्टरबॅक एका वेळी एकच. त्यामुळे नवा आणला की जुना बाकावर. करार संपलेल्या खेळाडूला हवा तो संघ निवडायची मोकळीक तिथे १९९३पासून मिळाली आणि तेव्हापासून 'हा मोकळा झालेला गडी आपण घ्यावा का?' हा तिथल्या चहाच्या, म्हणजे बिअरच्या, पेल्यातला कायमचा विषय झाला. टॉम ब्रेडी वीस मोसम न्यू इंग्लंडकडून खेळून २०२० साली बेचाळिसाव्या वर्षी टँपा बेला गेला. म्हातारा कशाला घेतला, असं विचारणारे तिथेही होतेच. पुढच्याच फेब्रुवारीत टँपा बे विजेता ठरला.

रणजीत असा खुला बाजार नाही. खेळाडू मूळ राज्याचा धरला जातो. त्याला दुसरीकडे जायचं तर आपल्या संघटनेचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं आणि कोणत्याही संघाला बाहेरचे जास्तीत जास्त तीनच पाहुणे खेळवता येतात. सामन्याचं मानधन पाहुण्याला आणि घरच्याला एकाच दराने मिळतं. चाळीसहून जास्त सामने खेळलेल्याला दिवसाला ६०,००० रुपये, नवख्याला ४०,०००. पाहुण्याला त्यावर संघटना वेगळे पैसे देते, आणि चौकातल्या लोकांना खुपतं ते हेच.

पण पाहुण्याची रीत नवी नाही. भारतीय कसोटी संघाचे पहिले कर्णधार सी. के. नायडू जन्माने नागपूरचे. त्यांना इंदूरच्या होळकरांनी बोलावून घेतलं, फौजेत हुद्दा दिला आणि ते 'कर्नल' झाले. म्हणजे आपला पहिला मोठा खेळाडू दुसऱ्यांचा पाहुणाच. सांगलीचा विजय हजारे बडोद्याचा झाला. १९४७च्या रणजी अंतिम सामन्यात त्याने लाहोरच्या गुल महंमदबरोबर होळकर संघाविरुद्ध ५७७ धावांची भागीदारी केली. म्हणजे बडोद्याच्या इतिहासातली सगळ्यात मोठी भागीदारी सांगली आणि लाहोर यांच्यातली! त्याच्या दोनच वर्षं आधी होळकरांकडून कोण खेळला होता? डेनिस कॉम्प्टन. इंग्लंडचा फलंदाज, आर्सेनलचा फुटबॉलपटू, युद्धामुळे महूच्या छावणीत आलेला. त्याने मुंबईविरुद्ध अंतिम सामन्यात नाबाद २४९ धावा केल्या. होळकर तरीही हरले. पाहुणा आणला म्हणजे करंडक आला असं नाही, हा धडा तेव्हाचाच.

आपलं वऱ्हाड तेव्हा धावफलकावर नावानिशी होतं: 'मध्य प्रांत व वऱ्हाड' असा संघच होता. विदर्भ या नावाने रणजी सुरू झाली १९५७-५८मध्ये, आणि पहिला करंडक आला १ जानेवारी २०१८ला. साठ वर्षं! बद्रीनाथ तामिळनाडूहून आला, गणेश सतीश कर्नाटकातून आला आणि इथलाच झाल्यासारखा राहिला. मग आला मुंबईचा वासिम जाफर. २०१७-१८च्या त्या मोसमात त्याने संघटनेकडून पाहुण्याचं मानधन घेतलंच नाही, फुकट खेळला. इंदूरला दिल्लीला हरवून विदर्भ विजेता ठरला. अडीच महिन्यांनी, चाळिशी ओलांडलेल्या या माणसाने इराणी करंडकात २८६ धावा काढल्या. पुढच्या मोसमात हजाराच्या वर धावा आणि दुसरा करंडक. 'म्हातारा कायले पायजे' म्हणणारे चौकातले काही जण तेव्हापासून जरा जपून बोलतात.

आता तो तिसरा प्रश्न. करुणला कर्नाटकाने का काढलं? डिसेंबर २०१६मध्ये चेन्नईला नाबाद ३०३ करणारा हा माणूस २०२२मध्ये आपल्या राज्याच्या संघातही नव्हता. धावा आटल्या होत्या, एवढं सरळ उत्तर. विदर्भाकडे आल्यावर पहिल्या मोसमात त्याने ६९० धावा केल्या. संघ अंतिम फेरीत पोचला आणि वानखेडेवर मुंबईकडून हरला. पुढच्या मोसमात जे झालं त्यावर विश्वास ठेवायला आकडे दोनदा वाचावे लागतात. विजय हजारे स्पर्धेत आठ डावांत ७७९ धावा, बाद फक्त दोनदा, सरासरी ३८९.५०. त्यातल्या ५४२ धावा तर एकदाही बाद न होता! अंतिम सामना मात्र गेला. हरवणारा संघ कोणता? कर्नाटक.

माझ्या मते या सगळ्या वादाचं उत्तर दडलंय ते त्यानंतरच्या रणजी अंतिम सामन्यात, फेब्रुवारी २०२५मध्ये, नागपूरच्या जामठ्यावर. समोर केरळ. विदर्भ ३ बाद २४. खेळपट्टीवर एका बाजूला दानिश मालेवार, एकवीस वर्षांचा, पहिल्याच रणजी मोसमातला नागपूरचा पोरगा. दुसऱ्या बाजूला करुण. दोघांनी २१५ धावा जोडल्या. करुण ८६वर धावबाद झाला, दानिशने १५३ केल्या. दुसऱ्या डावात २ बाद ७ अशी अवस्था असताना पुन्हा हीच जोडी उभी राहिली आणि पुन्हा १८२ धावा. विदर्भाला पहिल्या डावात आघाडी मिळाली ३७ धावांची आणि त्या आघाडीवरच करंडक मिळाला. क्वार्टरबॅक आला की जुन्याला बाकावर बसावं लागतं. क्रिकेटमध्ये मात्र फलंदाज जोडीने खेळतात. पाहुणा एका टोकाला उभा राहिला की दुसरं टोक घरच्या पोराचं असतं. धावांच्या यादीत ही गोष्ट कुठे छापून येत नाही. भागीदारी म्हणून येते, पण ती कोण वाचतो?

याच सामन्यातली दुसरी गंमत अशी, की केरळकडून ७९ धावा करून विदर्भाला घाम फोडणारा आदित्य सरवटे नागपूरचा. २०१८-१९च्या अंतिम सामन्यात ११ बळी घेऊन विदर्भाला करंडक मिळवून देणारा तोच आदित्य. आता केरळचा पाहुणा. आणि करुण? मल्याळी घरातला, बंगळूरमध्ये वाढलेला, विदर्भाकडून केरळशी लढणारा. दुसऱ्या डावात १३५ करून तो यष्टिचीत झाला. गोलंदाज आदित्य सरवटे! बंगळूरचा मल्याळी मुलगा विदर्भासाठी खेळताना केरळसाठी खेळणाऱ्या नागपूरच्या मुलाच्या चेंडूवर बाद होतो. कोण घरचा आणि कोण बाहेरचा, सांगा बरं?

असं असलं तरी चौकातल्या पहिल्या प्रश्नाला मी हसणार नाही. तीन जागा पाहुण्यांच्या म्हणजे अकरातल्या तीन जागा गेल्या. विदर्भाचे जिल्हे अकरा. अकोल्याहून नागपूर अडीचशे किलोमीटर, आणि निवडीचं दार तिथेच. नागपूरच्या पोराला सायकलवर सराव गाठता येतो, अकोल्याच्या पोराला खोली करून राहावं लागतं. पाहुण्यामुळे बाकावर बसतो तो बहुतेकदा याच दुसऱ्या प्रकारचा पोरगा. त्याचा हिशेब कोणी तरी मांडायला हवा.

गंमत म्हणजे वऱ्हाडचा पोरगाही कुणाचा तरी पाहुणा होतोच. अमरावतीचा जितेश शर्मा २७ मे २०२५ला लखनौमध्ये बंगळूरच्या संघाचा हंगामी कर्णधार होता. २२८ धावांचा पाठलाग, ३३ चेंडूंत नाबाद ८५. आठवड्याभराने आयपीएलचा करंडकही बंगळूरला मिळाला. त्या रात्री अमरावतीत फटाके वाजले तेव्हा 'बाहेरचा कायले पायजे' असं कोणी विचारलं नाही. बंगळूरच्या एखाद्या चौकात मात्र आधी विचारलं गेलं असणार! म्हणजे मार्चमध्ये बंगळूरच्या मुलाने आपल्याला करंडक मिळवून दिला आणि जूनमध्ये अमरावतीच्या मुलाने बंगळूरला. मग त्याच वर्षी करुण कर्नाटकात परत गेला आणि जितेश विदर्भ सोडून बडोद्याला. हजारे गेला होता, त्याच वाटेने.

तेव्हा घ्यावा की नाही? माझं मत विचाराल तर घ्यावा. पण एका वेळी दोनच, आणि धावांपेक्षा तो कोणाबरोबर खेळपट्टीवर उभा राहणार हे पाहून. तिसरी जागा अकोला, अमरावती, यवतमाळच्या पोरांसाठी मोकळी ठेवावी.

ऑक्टोबर २०२५मध्ये विदर्भ इराणी करंडकासाठी पुन्हा जामठ्यावर उतरला. करुण नव्हता, जितेश नव्हता. सलामीला आलेल्या एकाने पहिल्या डावातल्या ३४२ धावांपैकी १४३ केल्या आणि विदर्भाने शेष भारताला ९३ धावांनी हरवलं. सामन्याचा मानकरी तोच, अथर्व तायडे. गाव अकोला.