गूढकथेच्या कपाटात शहर

कासू हे पनवेल–रोहा रेल्वेमार्गावर पेण आणि नागोठण्याच्या मधलं स्थानक. इथल्या वाचकाने तालुक्याच्या ग्रंथालयात 'अर्बन फँटसी' (शहरात घडणाऱ्या अद्भुतकथा) असा वेगळा विभाग शोधत बसू नये. सरळ गूढकथांचं कपाट उघडायला सांगावं.

पहिलं पुस्तक नारायण धारपांचं (1925–2008) घ्यावं. स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट' (1975) वर बेतलेली त्यांची 'लुचाई' रक्तपिपासूंना थेट मराठी मुलखात आणते. रत्नाकर मतकरींची (1938–2020) भीती आणखी जवळची: बंद ब्लॉक, शेजारचं बिऱ्हाड, नात्यातलाच माणूस. 'खेकडा' हा संग्रह तर चुकवूच नये. नील गेमनच्या 'नेव्हरव्हेअर' (1996) मध्ये लंडनच्या पोटात दुसरं लंडन नांदतं. इंग्रजी वाचणाऱ्या कॉलेजच्या मुलांसाठी ग्रंथपालांनी ही कादंबरी आवर्जून मागवावी.

15 ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, राज्यात वाचन प्रेरणा दिन असतो. त्या दिवशी एखादी गूढकथा मोठ्याने वाचली, तर मुलं भाषणापेक्षा नक्कीच जास्त वेळ बसतील. पाठोपाठ दिवाळी अंक येतात. त्यातल्या गूढकथांच्या 'धनंजय' आणि 'नवल' यांना मागणी फार, तेव्हा ग्रंथालयात अंकयोजना असेल तर वर्गणी आधीच भरून ठेवावी.