कडा मोकळी आहे ना?

"डॉक्टर, एकदाचं सगळंच काढून टाका." स्तनात कॅन्सरची गाठ निघाली की आमच्या तळवड्यातल्या बायका, आणि त्यांच्याहून जास्त त्यांच्या घरची माणसं, हेच म्हणतात. थोडं ठेवलं तर परत उलटेल, ही धास्ती.

मैत्रिणींनो, गाठ लहान असेल तर पुष्कळदा स्तन वाचवता येतो. इटलीत डॉ. वेरोनेसी यांनी १९७३ ते १९८० या काळात ७०१ बायकांच्या दोन गटांची तुलना केली. २००२ साली, वीस वर्षांनंतरचा निकाल आला : आयुष्यमानात फरक नाही. परदेशातलं परदेशात, असं म्हणाल, तर मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्येही १९८० ते २००० या काळात हजारावर बायकांवर असे उपचार झाले आहेत.

मात्र वाचवलेल्या स्तनात गाठ पुन्हा येण्याचं प्रमाण इटलीत थोडं जास्त दिसलं. म्हणून तर कडेला एवढं महत्त्व! बटाट्याचा किडका भाग काढताना आपण भोवतीचा थोडा चांगलाही काढतो ना, तसंच सर्जन करतात. काढलेल्या तुकड्याला बाहेरून शाई लावतात आणि पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. कॅन्सरच्या पेशी शाईला टेकलेल्या नसतील तर कडा मोकळी. २०१४ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी ठरवलं, की पसरणाऱ्या प्रकारच्या कॅन्सरमध्ये, पुढे शेक घेणार असाल तर, एवढं पुरेसं आहे. उगाच जास्त कापून फायदा नाही. दुधाच्या नळीतच असलेल्या सुरुवातीच्या प्रकारात मात्र दोन मिलिमीटर अंतर बघतात.

रिपोर्टमध्ये 'मार्जिन निगेटिव्ह' लिहिलेलं असतं. निगेटिव्ह वाचून घाबरू नका, ते चांगलंच आहे. 'पॉझिटिव्ह' असेल तर त्याच स्तनात कॅन्सर परतण्याचा धोका निदान दुप्पट होतो, आणि बहुधा पुन्हा ऑपरेशन सांगतात. अशा वेळी घरात "डॉक्टर चुकला" म्हणून गहजब होतो. अहो, पेशी काय डोळ्यांना दिसतात? काही ठिकाणी ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून तपासतात. ती सोय आहे का, हे आधीच विचारावं.

आणि शेक. जखम भरली, बाई कामाला लागली, की तो टाळला जातो. चाकणच्या कंपनीत रोजंदारीवर असलेल्या बाईला रोज दवाखाना, तोही काही आठवडे, कसा जमणार? पण स्तन वाचवायचा तर शेक बहुतेकींना लागतोच. तेव्हा गाडीभाडं, रजा, मुलांना कोण सांभाळणार, हे सगळं ऑपरेशनच्या आधीच घरात बसून ठरवा.