विल्सनसाहेबांची शाळा

दोंडाईच्याच्या बाजारात आपण मिरची विकतो. पावती हाती पडते. ती वाचता आली नाही तर दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. तरी आपण म्हणतो, "आता या वयात काय शिकायचं?" अशा वेळी जॉन विल्सन यांची गोष्ट आठवावी.

विल्सन हे स्कॉटलंडचे पाद्री. १८२९ साली ते पत्नीसह मुंबईस आले. वय चोवीस. मराठीचा गंध नव्हता. मग कोकणात हर्णैला राहून ते मराठी शिकले.

पत्नी मार्गारेटबाईंनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. १८३५ साली बाई वारल्या. पुढे त्यांच्या बहिणींनी ते काम चालवले.

विल्सनसाहेबांनी १८३२ साली इंग्रजी शाळा काढली. १८३९ साली तिथल्या दोन पारशी मुलांनी ख्रिस्ती धर्म घेतला. लोक खवळले. कोर्टात खटला झाला. बहुतेक मुले शाळा सोडून गेली. साहेबांनी शाळा बंद केली नाही. हळूहळू मुले पुन्हा येऊ लागली. त्याच शाळेचे पुढे विल्सन कॉलेज झाले. साहेब मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. १८७५ साली, सत्तर वर्षांचे होऊन, ते मुंबईतच वारले.

त्यांना भाषा आणि अक्षरे दोन्ही शिकावी लागली. आपण घरी अहिराणी बोलतो, मराठी आपल्याला कळते. राहिली ती फक्त अक्षरे. मग पाटी हाती घ्यायला उशीर कशाला?